विंचवाची गाडी किती वर्षं ठेवावी?

चिमणे, 'मामा, विकू की ठेवू?' हे तू दर दिवाळीला विचारतेस आणि चकली संपायच्या आत उत्तर विसरतेस. म्हणून यंदा लिहूनच देतो. तुझी अबार्थ पुंटो २०१५ची, रांजणगावच्या कारखान्यातली, १४५ हॉर्सपॉवरची. विंचवाचं चिन्ह मिरवणारी, कारण कंपनी काढणाऱ्या कार्लो अबार्थची रास वृश्चिक. फियाटने भारतात गाड्या विकणं थांबवल्याला बरीच वर्षं झाली, तेव्हा अशी दुसरी शोरूममधून येणार नाही. माझं मत विचारशील तर ठेव. फक्त 'कायमची' म्हणून नको, दर वर्षी नव्याने ठरवून ठेव.

१. ठेवायची की काढायची, हे गाडी ठणठणीत असताना ठरव, गॅरेजात उभी असताना नको — रागात काढलेल्या गाडीचा भाव गिऱ्हाईक ठरवतं.

२. त्यासाठी दसरा नेमून ठेव, हार घालायला गाडी धुशीलच. वहीत तीन ओळी लिही: यंदा किती किलोमीटर, किती खर्च, आणि काही काम नसताना किती वेळा बाहेर काढली — पहिल्या दोन ओळी गाडीचं वय सांगतात, तिसरी तुझा जीव तिच्यात अजून किती आहे ते.

३. आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी चालव, दारात नुसती घुरघुरत ठेवू नकोस — इंजिन पुरतं तापलं नाही तर तेलातला आणि सायलेन्सरमधला ओलावा उडत नाही, बॅटरीही भरत नाही. उभी गाडी, गंजाची वाडी.

४. ताम्हिणी दामटून आलीस की लगेच किल्ली फिरवू नकोस, मिनिटभर इंजिन चालू राहू दे — टर्बो लालबुंद असतो, तेल फिरायचं थांबलं की आतलं तेल जळून काजळी धरते. चढाला घाई, थांब्याला नाही.

५. पावसाळ्याआधी बॉनेट उघड आणि वायपरखालची जाळी स्वतःच्या बोटांनी साफ कर. गुलमोहराखाली लावतेस ना? ती बारीक पानं नि पाकळ्या तिथे चहाच्या चोथ्यासारख्या साचतात आणि खालची भोकं बुजवतात — मग पाणी आपली वाट शोधत डॅशबोर्डखाली उतरतं. आधी नुसता कुबट वास येतो, महिन्याभराने काच वर होत नाही आणि तू इलेक्ट्रिशियनच्या दारात बसतेस.

६. तेव्हाच उंदराच्या लेंड्या दिसतात का बघ. प्लास्टिकचं कव्हर देऊन टाक आणि हवा खेळणारं कापडी घे — प्लास्टिकखाली अडकलेला दमटपणा पावसापेक्षा जास्त खातो.

७. टायमिंग बेल्ट किलोमीटरवर नको, वर्षांवर मोज. कंपनीच्या पुस्तकातली मुदत उलटली की गाडी कितीही कमी फिरलेली असो, बदल — रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं, आणि तो पट्टा चालत्या गाडीत तुटला तर इंजिनच हातचं जाऊ शकतं.

८. टायरच्या कडेचे चार आकडे वाचायला शीक: २३१९ म्हणजे टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी — ते हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी मुरलेलं तेल घाट उतरताना उकळलं की पेडल खाली जातं, गाडी थांबत नाही.

९. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि तुझी गाडी त्याआधीची, तेव्हा प्रत्येक सर्व्हिसला पेट्रोलचे पाइप आणि सील बघून घे — रबर कडक पडून पाझरायला लागलं की पहिली खूण म्हणजे पेट्रोलचा वास, आणि त्या वासाला 'बघू उद्या' म्हणायचं नसतं.

१०. आता सुट्या भागांचं. हेच १.४ टी-जेट इंजिन लिनियालाही होतं, त्यामुळे इंजिनाच्या भागांची चिंता जरा कमी. पण बंपर, अलॉय, स्प्रिंगा यांतलं खास अबार्थचं जे असेल ते चांगल्या स्थितीत दिसलं तर गरज नसतानाही घेऊन माळ्यावर ठेव — गरज पडेल तेव्हा दुकानदाराला ती तुझ्या चेहऱ्यावर दिसते.

११. मिस्त्री एकच धर आणि काढलेला जुना भाग घरी माग — त्याची झीज बघितलीस की पुढचं काय येतंय ते कळतं.

१२. विम्याचा हप्ता वाचवायला आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, खाली आणू नकोस. पाच वर्षांपुढच्या गाडीला तो आकडा तू आणि कंपनी मिळून ठरवता, म्हणून घासून वर घे — गाडी चोरीला गेली तर हातात येणार तेवढेच.

१३. खरी परीक्षा २०३०ची. आरसीची १५ वर्षं संपतील, आरटीओत गाडी दाखवून रिपासिंग करावं लागेल, आणि ते पुढच्या पाचच वर्षांचं. एप्रिल २०२२मध्ये त्याची फी ६०० वरून ५,००० झाली, वर ग्रीन टॅक्स. पैसे भरशीलच गं, पण त्याच्या आदल्या दसऱ्याला वही उघडून बस — तिसरी ओळ सलग दोन वर्षं रिकामी असेल, तर रिपासिंग चालवणाऱ्याच्या नावावर होऊ दे.

१४. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग यांतला भाग मिळेनासा झाला, तर त्या दिवशी प्रेम बाजूला. म्युझिक सिस्टिमचा जुगाड चालेल, ब्रेकचा नाही — तुझ्या शेजारच्या सीटवर आमचंच कुणीतरी बसलेलं असतं.

१५. देशील तेव्हा जास्त पैशाला भुलू नकोस. जो आधी बॉनेट उघडायला सांगतो आणि सर्व्हिसची फाइल चाळतो, त्याला दहा-वीस हजार कमी घेऊन दे — तो फोन करून तुला विचारेल, भांडणार नाही.

१६. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या म्हणजे गाडी गेली असं समजू नकोस. १४ दिवसांच्या आत आरटीओला कळव आणि आरसीवर नवं नाव डोळ्यांनी बघ — आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात, असं सुप्रीम कोर्टाने २०१८मध्ये स्पष्ट केलंय. मधल्या एजंटाच्या 'होऊन जाईल मॅडम'वर चहासुद्धा पिऊ नकोस.

१७. आणि फास्टॅग त्याच दिवशी बंद कर — नाहीतर नवा मालक खंडाळ्याला फिरायला जाईल आणि टोल तुझ्या खात्यातून.