दाढीच्या तेलात किती थेंब?

प्रश्न : खोबरेल तेलात टी ट्री आणि रोझमेरीचं इसेन्शियल ऑइल अंदाजाने मिसळून दाढीला लावलं. गालांची आग होऊन पुरळ उठलं. प्रमाण किती ठेवावं? तेच तेल डोक्याला चालेल का? - एक वाचक, सातारा

उत्तर : सध्या ते तेल बंद करा. पुरळ आठवड्यात ओसरलं नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

इसेन्शियल ऑइल म्हणजे वनस्पतीचा अतिशय तीव्र अर्क. तो थेट त्वचेवर कधीही लावू नये. चेहऱ्यासाठी एक टक्का प्रमाण पुरेसं असतं. म्हणजे ३० मिली तेलात सगळे अर्क मिळून साधारण ६ थेंब. डोक्याला दोन टक्क्यांपर्यंत, म्हणजे १२ थेंब चालतात. म्हणून दोन बाटल्या वेगळ्या करा.

दाढीसाठी बदाम तेल किंवा जोजोबा घ्या. खोबरेल काहींच्या चेहऱ्यावरची रंध्रं बुजवतं आणि मुरुमं येतात. लिंबाचा अर्क टाळा. तो लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते.

बाटली गडद रंगाची आणि पूर्ण कोरडी हवी. टी ट्री हवा-उजेडाने जुनं झालं, की ॲलर्जीचा धोका वाढतो. नवं मिश्रण आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास थांबा.

तेलाने दाढी मऊ राहते, खालची त्वचा कोरडी पडत नाही. विरळ दाढी दाट होईल, ही अपेक्षा मात्र ठेवू नका.