आतडे आखूड झाले तर

काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका शाळेत शिकवीत असता घडलेली गोष्ट प्रथम सांगतो. सहावीतला एक मुलगा तास चालू असताना वारंवार बाहेर जाण्याची परवानगी मागे आणि मधूनच डबा उघडून दोन घास खाई. शिस्तीच्या कल्पनेने आम्ही त्याला दोनदा अडविले. दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत आली. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आतड्याला पीळ पडल्यामुळे त्याच्या लहान आतड्याचा बराचसा भाग कापून काढावा लागला होता, असे तिने शांतपणे सांगितले. आम्हांला आमचीच लाज वाटली. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. वैद्यकाचे आम्हांला ज्ञान नाही. तरी त्या मुलाला समजून घेण्यासाठी विचारून व वाचून जे मिळविले, ते येथे देत आहोत.

प्रौढ माणसाचे लहान आतडे साधारणतः ३ ते ८ मीटर लांब असते; पूर्ण दिवसांच्या अर्भकाचे सुमारे अडीच मीटर. खाल्लेल्या अन्नाचा रस, क्षार व पाणी मुख्यतः येथेच रक्तात शोषले जातात. प्रौढात हे आतडे २ मीटरपेक्षा कमी उरले, म्हणजे बहुधा हा विकार जडतो. अर्भकांत आतड्याला पडलेला पीळ, जन्मतःच आतडे अपुरे वा बंद असणे, अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे आतडे सडणे, ही कारणे असतात. प्रौढांत आतड्याची रक्तवाहिनी गुठळीने बंद होणे, क्रोन नावाचा दाह किंवा अपघात ही होत. अन्न पोटात जाते, पण अंगी लागत नाही. जुलाब होतात, वजन घटते आणि मुलांची वाढ खुंटते.

१९६० नंतरच्या दशकापर्यंत अशी पुष्कळ अर्भके वाचत नसत. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे डॉ. स्टॅन्ली डड्रिक व त्यांचे सहकारी यांनी प्रथम कुत्र्यांची पिल्ले केवळ शिरेवाटे दिलेल्या अन्नद्रवावर वाढविली आणि १९६७ मध्ये तोच उपाय एका नवजात बालिकेवर केला. तिचे वजन व उंची वाढली. आज अनेक रुग्ण घरीच, रात्री झोपेत, असे पोषण घेतात. परंतु हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत बसविलेल्या त्या नळीतून जंतू रक्तात शिरू शकतात. म्हणून नळी असलेल्याला ताप आला, तर सकाळपर्यंत वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.

तथापि, खरी आशा उरलेल्या आतड्यातच असते. त्याच्या आतील सूक्ष्म अंकुर उंच होतात, ते रुंदावते आणि गेलेल्या भागाचे काही काम स्वतःकडे घेते. प्रौढांत हा बदल मुख्यतः पहिल्या दोन वर्षांत होतो; मुलांत आतडे वाढतही असल्याने तो अधिक काळ चालतो. मात्र त्यासाठी आतड्याला अन्नाचा स्पर्श घडला पाहिजे. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने, थोडे का होईना, तोंडाने अन्न देतात. बाळाला आईचे दूध उत्तम. मोठ्यांनी दिवसातून सहा ते आठ वेळा थोडे थोडे, नीट चावून खावे.

पाण्याविषयी मात्र सर्वसाधारण समजूत येथे फसवी ठरते. जुलाब होतात म्हणून पुष्कळ साधे पाणी वा गोड सरबत दिले, तर पुष्कळांचे जुलाब वाढतात व शरीरातील मीठही निघून जाते. आमच्या गोव्याकडे आजाऱ्याला शहाळे देण्याची रीत आहे. परंतु शहाळ्याच्या पाण्यात सोडियम कमी असल्याने ते येथे पुरत नाही. मीठ व साखर ठराविक प्रमाणात असली, म्हणजे ती दोन्ही मिळून आतड्यात शोषली जातात व पाणीही बरोबर ओढून नेतात. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या हजारो रुग्णांना वाचविले, ते याच तत्त्वावरील जलसंजीवनीने. आखूड आतड्याच्या रुग्णालाही तीच उपयोगी पडते. ती कोणती व किती, हे डॉक्टरांनी ठरवावे.

लहान आतड्याचे शेवटचे टोक गेले असल्यास ब-१२ हे जीवनसत्त्व शोषले जात नाही. त्याची सुई आयुष्यभर घ्यावी लागते. आतडे लांबविण्याच्या शस्त्रक्रिया आहेत. टेड्युग्लुटाइड नावाच्या औषधाला अमेरिकेत २०१२ मध्ये प्रौढांसाठी व २०१९ मध्ये मुलांसाठी मान्यता मिळाली. हे उपाय न चालल्यास काहींना आतड्याचे प्रत्यारोपण करतात.

मग शाळेने काय करावे? अशा मुलाला दाराजवळची जागा द्यावी. बाहेर जाताना कारण विचारू नये. तासाला डबा उघडला तर हसू नये. प्रेमानेही त्याला मिठाईचा आग्रह करू नये. क्वचित पिष्टमय पदार्थ जास्त झाल्याने मोठ्या आतड्यातील जंतू एक आम्ल निर्माण करतात. मग मूल अडखळत बोलते, झोकांड्या खाते. ते ढोंग समजू नये; घरी कळवून डॉक्टरांकडे न्यावे.

त्या वर्षी आम्ही त्या मुलाला दाराजवळचे बाक दिले. पुढे तो कधी परवानगी न मागताच उठे आणि परत येऊन मुकाट्याने वही उघडी. त्याच्या आतड्याला उरल्या भागावर काम भागवावयाचे होते. आमच्याकडून त्याला हवा होता तो थोडा धीर. तो देण्यास आम्ही उशीर केला. तुम्ही करू नये, एवढ्यासाठीच हा लेख.