नव्या ठाणावरील घोडा

मार्गशीर्षांत दत्तजयंतीस सारंगखेड्याची यात्रा भरते व तापीकांठच्या त्या बाजारांतून पुष्कळ शेतकरी बंधु घोडे घेऊन घरीं येतात. दांत, खूर व चाल पाहतांना जी दक्षता आपण घेतों, ती जनावर दारीं आल्यावर राहत नाहीं; आणि नुकसान होतें तें बहुधा त्याच दिवसांत.

कचेरींतून निवृत्त झाल्यावर आम्हीं एक घोडी घेतली व दुसऱ्याच दिवशीं खोगीर घालून आठवड्याच्या बाजारास निघालों. वाटेंत फडफडणारी ताडपत्री पाहून ती बुजली. आम्हीं चाबूक ओढला. तेव्हांपासून त्या वळणावर ती पाऊल टाकीना. अखेर 'अडेल' म्हणून तोट्यांत विकली. दोष घोडीचा नव्हता, घाई आमची होती, हें मागाहून कळलें.

घोडा हा कळपांत राहणारा व पळून जीव वांचविणारा प्राणी आहे. त्यास सभोंवारचें दिसतें. परंतु नाकासमोरचें अगदीं जवळचें व शेपटीमागचें दिसत नाहीं. उजेडांतून अंधारांत जातांना त्याची नजर स्थिरावण्यास माणसापेक्षां अधिक वेळ लागतो. म्हणून तबेल्याच्या दारांत तो थबकल्यास त्यास हट्ट समजूं नये.

यास्तव पहिले दोन-तीन आठवडे त्यास घरच्या घोड्यांपासून वेगळा बांधावा, म्हणजे रोग असल्यास पसरणार नाहीं. मात्र सोबतीस गाय-बैल नजरेस पडूं द्यावेत. जुन्या धन्याकडील चारा थोडा बरोबर आणून त्यांत नवा चारा सात ते दहा दिवसांत वाढवीत न्यावा. घोड्यास ओकारी होत नाहीं. चारा एकाएकीं बदलल्यास पोटशूळ उठून प्राणावर बेततें. पाणी पितो कीं नाहीं, हें रोज पाहावें.

त्यास एकाच माणसानें नित्य हातीं धरून आधीं अंगणांत, मग बांधावर व नंतर रस्त्यावर फिरवावें. बुजल्यास मारूं नये. दोर सैल सोडून त्यास पाहूं व हुंगूं द्यावें. मान खालीं आली म्हणजे एक पाऊल पुढें न्यावें. जातांना ओळखीची झालेली वस्तु येतांना दुसऱ्या बाजूनें त्यास नवी वाटते; म्हणून ती दोहों बाजूंनीं दाखवावी.

पुढें घेतलेल्या घोड्यास आम्हीं महिनाभर असें वागविलें. तो त्याच वळणावरून लगाम सैल असतां जातो. खरेदीखत एका दिवसांत होतें, पण फेरफाराची नोंद मंजूर होण्यास मुदत द्यावीच लागते. घोड्याचेंही तसेंच आहे.