पिल्लू चावतं तेव्हा काय करायचं?



पावसाळा सरला की आपल्या तामलवाडीत आणि आसपासच्या वस्त्यांवर कुत्र्याची पिल्लं दिसायला लागतात. कडब्याच्या गंजीजवळ, बंद घराच्या ओट्याखाली कुत्री वितात. मुलं एखादं पिल्लू उचलून घरी आणतात, मोत्या नाहीतर वाघ्या नाव ठेवतात. चार दिवस कौतुक होतं. मग तक्रार सुरू होते, "पिल्लू लई चावतंय!" मग त्याला मार बसतो, नाहीतर पोत्यात घालून रस्त्यावर सोडून दिलं जातं. खरं तर ते पिल्लू वाईट नसतं, त्याला अजून शिकवलेलं नसतं. आज हेच समजून घेऊ.

पिल्लू का चावतं?

आपलं रांगतं बाळ प्रत्येक वस्तू हातात धरून तोंडात घालतं. पिल्लाला हात नाहीत, त्यामुळे त्याचं तोंड हाच त्याचा हात. तिसऱ्या आठवड्यापासून त्याला दुधाचे दात येऊ लागतात. हे २८ दात सुईसारखे टोकदार असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ कायमचे दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात, म्हणून चप्पल, पायजमा, बोट, जे सापडेल ते पिल्लू चावतं.

त्याची पहिली शाळा म्हणजे आई आणि भावंडं. खेळताना एकाने जोरात चावलं की दुसरं ओरडतं आणि खेळ सोडून देतं. चावणाऱ्याला कळतं, "जोरात चावलं की खेळ बंद." म्हणून पिल्लू निदान आठ आठवडे आईजवळ राहू द्यावं. डोळे उघडले की लगेच उचलून आणलेल्या पिल्लाचा हा धडा अर्धाच राहतो. मग तो आपल्याला पूर्ण करावा लागतो.

हा धडा कसा शिकवायचा?

१) हात हे खेळणं नाही. बोटं नाचवून पिल्लाला झोंबायला लावू नका. आज गंमत वाटते, पण सहा महिन्यांनी तोच दात खोल जातो.

२) दात लागला की खेळ थांबवा. हात हिसडू नका, पळू नका. पळालं की पिल्लाला तो पाठलागाचा खेळ वाटतो. शांत उभं राहा, तोंड फिरवा. अर्ध्या मिनिटाने पुन्हा खेळा. दरवेळी असंच करा.

३) चावायला दुसरं काही द्या. जुन्या सुती कापडाला घट्ट गाठी मारा, पाण्यात भिजवा आणि द्या. ते चावलं की शाबासकी द्या. शिजवलेली हाडं मात्र देऊ नका, ती फुटून घशात टोचतात.

४) झोपू द्या. लहान पिल्लू दिवसाचे १८ तासांच्या आसपास झोपतं. मुलांनी सारखं उचललं की ते चिडचिडं होतं आणि जास्त चावतं.

५) घरात सगळ्यांचा नियम एकच हवा. आई थांबवते आणि दादा झोंबवतो, असं झालं तर पिल्लू काय शिकणार?

मारणं, तोंड दाबून धरणं टाळा. मार खाल्लेलं पिल्लू चावणं विसरत नाही, ते माणसाच्या हाताला भ्यायला शिकतं. आणि भ्यालेलं कुत्रं जास्त चावतं.

खेळ की राग, हेही ओळखा. पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर, शेपूट हलतंय, अंग सैल आहे, तर तो खेळ. अंग ताठ, नजर रोखलेली, खाण्याजवळ गेलं की गुरगुर, तर बाजूला व्हा. लहान मुलांना पिल्लाजवळ एकटं सोडू नका.

सगळ्यात महत्त्वाचं

"घरी सांगितलं तर पिल्लू टाकून देतील" या भीतीने मुलं ओरखडा लपवतात. पालकांनो, इथे जीव धोक्यात येतो. रेबीज पिल्लालाही होऊ शकतो आणि लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं. पण वेळेवर लस घेतली तर हा रोग टळतो. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांनी फ्रान्समध्ये जोसेफ मायस्टर या ९ वर्षांच्या मुलाला ही लस दिली आणि तो वाचला.

दात लागून कातडी सोलली किंवा रक्त आलं, तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवा. तिखट, चुना, तेल लावू नका. त्याच दिवशी जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात जा. डॉक्टरांनी दिलेल्या सगळ्या तारखांना लस घ्या, एकही चुकवू नका. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पशुवैद्यकीय दवाखान्यात त्यालाही रेबीजची लस टोचून घ्या. पुढचे डोस विचारून ठेवा.

म्हणून आजच लेकरांना सांगा, "चावलं तर आधी आम्हाला सांग. तुला रागावणार नाही आणि पिल्लालाही टाकणार नाही."

चला, विचार करूया

• पिल्लू चावल्यावर पळालं तर काय होतं?
• कायमचे दात किती असतात?
• जखम किती मिनिटं धुवायची?
• तुमच्या घरच्या पिल्लासाठी गाठीचं खेळणं तयार करा आणि आठवडाभर निरीक्षण वहीत लिहा.