चमचा हे माप केव्हा होते?
(इयत्ता पाचवीसाठी धारकतेचा एक पाठ)

गेल्या पावसाळ्यात एका शाळेस भेट दिली असता पाचवीच्या वर्गात धारकतेचा पाठ चालू होता. एक लिटर म्हणजे १००० मिलिलिटर, हे मुलांनी बिनचूक सांगितले. दिवस हगवणीच्या साथीचे असल्याने मी जलसंजीवनीची कृती विचारली. ‘एक लिटर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ’ असे वर्गाने एकमुखाने म्हणून दाखविले. मग एका मुलीस चमचा आणावयास सांगितले. तिने पोषण आहाराच्या स्वयंपाकघरातून भाजीत मीठ घालावयाचा मोठा चमचा आणला. कोणासही त्यात काही वावगे वाटले नाही. औषधाच्या बाटलीच्या खुणा असलेल्या टोपणाने आम्ही तो मोजला, तेव्हा त्यात १५ मिलिलिटर पाणी मावले. त्या चमच्याने कृती केली असती तर पाण्यात मीठ तिप्पट पडले असते, आणि असे पाणी आजारी बालकास अपायकारक ठरते.

त्या मुलीला दोष देता येत नाही. आपण तिला ‘चमचा’ हा शब्द शिकविला होता, त्याचे माप शिकविले नव्हते. माझ्या शिक्षकी आयुष्यात मीही अनेक वर्षे हेच केले, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे. सबब पुढील पाठाची रूपरेषा शिक्षक बंधुभगिनींच्या उपयोगासाठी देत आहे. पाठास दोन तासिका लागतील.

उद्दिष्टे : (१) घरातील चमचे, वाटी यांची धारकता मिलिलिटरमध्ये मोजता येणे. (२) एका मापाचे दुसऱ्या मापात रूपांतर करता येणे. (३) सपाट माप व शिगेचे माप यांतील भेद कळणे.

साहित्य : मुलांनी घरून आणलेले निरनिराळे चमचे व एक-दोन वाट्या, औषधाच्या बाटलीची ५, १० व १५ मिलिलिटरच्या खुणांची टोपणे, लिटरचे माप, पाणी, साखर, मीठ, सुरीची बोथट बाजू किंवा पट्टी.

प्रस्तावना : घरी धान्य कशाने मोजतात, असे विचारून आरंभ करावा. पायली, अधोली, शेर, मापटे, चिपटे हे शब्द आजीआजोबांच्या तोंडून मुलांनी ऐकलेले असतात. दोन निळवी म्हणजे एक कोळवे, दोन कोळवी म्हणजे एक चिपटे, दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, दोन शेर म्हणजे एक अधोली व दोन अधोल्या म्हणजे एक पायली, अशी ही दुपटीची साखळी फळ्यावर लिहावी. साखळी पुष्कळ ठिकाणी हीच असली तरी एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीएवढी भरेच असे नव्हते. त्यामुळे व्यवहारात तंटे होत. १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापे आली, त्यांमागील एक कारण हेच होते. ‘आता आपल्या चमच्यांची गत काय आहे ते पाहू’ असे हेतुकथन करावे.

विषयविवेचन : प्रथम प्रत्येक गटाने आपल्या चमच्याने दहा वेळा पाणी वाटीत घालावे व ते पाणी टोपणाने मोजावे. आलेल्या संख्येस १० ने भागले की एका चमच्याची धारकता मिळते. एकच चमचा मोजण्यापेक्षा दहा मोजून भागल्याने चूक कमी होते, हे मुलांना हाताने करून पटते. कोणाचा चमचा ३ मिलिलिटरचा तर कोणाचा ७ मिलिलिटरचा निघेल. हा फरक लपवू नये. पाठाचा गाभा तोच आहे.

यानंतर ठरीव मापे फळ्यावर लिहावीत :

चहाचा चमचा (प्रमाणित) = ५ मि.लि.
पोह्यांचा मोठा चमचा (प्रमाणित) = १५ मि.लि. = ३ चहाचे चमचे
पाककृतीतील कप = सुमारे २४० मि.लि. = १६ मोठे चमचे = ४८ चहाचे चमचे

काही पुस्तकांत कप २५० मिलिलिटरचा धरतात, आणि ऑस्ट्रेलियातील मोठा चमचा २० मिलिलिटरचा असतो. पाककृती कोठली आहे हे पाहूनच माप घ्यावे, एवढेच येथे सांगून पुढे जावे.

नंतर शिगेचा प्रश्न घ्यावा. धान्य मोजताना माप शीग लावून भरावयाचे की सपाट, हा वाद खेड्यातील मुलांना परिचित असतो. एका चमच्यात साखर शिगोशीग भरून, मग पट्टीने निपटून दाखवावी. निपटलेली साखर निराळ्या कागदावर ठेवली की फरक डोळ्यांना दिसतो. ‘सपाट’ हा शब्द नसेल तर चमच्याचे माप अपुरे समजावे.

शेवटी आकारमान व वजन यांची गल्लत दूर करावी. एका सपाट चहाच्या चमच्यात पाणी ५ ग्रॅम, साखर सुमारे ४ ग्रॅम, मीठ सुमारे ६ ग्रॅम व हळद सुमारे ३ ग्रॅम मावते. चमचा तोच, पण पदार्थागणिक वजन निराळे. म्हणून मिलिलिटरचे ग्रॅम करताना पदार्थ कोणता, हे आधी विचारावयास शिकवावे.

उपयोजन : आता जलसंजीवनीची कृती मुलांकडून पूर्ण शब्दांत म्हणवून घ्यावी : १ लिटर स्वच्छ पाणी, प्रमाणित चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ. मोठ्या चमच्याने अर्धा चमचा मीठ घेतल्यास ते किती मिलिलिटर होईल? ७.५. असावयास हवे किती? २.५. म्हणजे तिप्पट. ही घरगुती कृती तात्पुरती आहे. आरोग्य केंद्रात मिळणारे पाकीट, त्यावर लिहिलेल्या प्रमाणातील पाण्यात मिसळून देणे अधिक चांगले, आणि मूल सुस्तावले तर दवाखाना गाठावा, हेही सांगावे. तद्वतच पातळ औषध घरच्या चमच्याने कधीही मोजू नये. बाटलीबरोबरचे खुणांचे टोपणच वापरावे, हा नियम वहीत लिहवून घ्यावा.

स्वाध्याय :
१. एका वाटीत १५० मि.लि. पाणी मावते. त्यात चहाचे किती चमचे व मोठे किती चमचे पाणी मावेल?
२. बाटलीत ६० मि.लि. औषध आहे. दिवसातून दोन वेळा ५ मि.लि. घेतल्यास ते किती दिवस पुरेल?
३. एका पायलीत किती चिपटी होतात?
४. पाव लिटर जलसंजीवनीस साखर व मीठ किती चमचे लागेल? एवढे मीठ चमच्याने नीट मोजता येईल का?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर दीड चमचा साखर व एक अष्टमांश चमचा मीठ असे येते. इतके अल्प मीठ चमच्याने अचूक मोजणे कठीण. म्हणून एकदम एक लिटर करणेच इष्ट, हा निष्कर्ष मुलांनी स्वतः काढावा. शिक्षकाने घाई करू नये.

पाठ संपल्यावर प्रत्येक मुलाने घरातील एक चमचा मोजून त्याची धारकता आईस सांगावी. वर्गातील गणित चुलीपर्यंत पोहोचले की नाही, याची परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळीच होईल.