उतरंडीचा पाठ

संगणकशास्त्रातील मूलभूत कल्पना शिकविण्यास संगणक हवाच, असे नाही. एखादी रीत आपल्याच लहान रूपाची मदत घेऊन काम पुरे करते, तेव्हा तिला ‘रिकर्शन’ म्हणतात; मराठीत ‘स्वावर्तन’ म्हणता येईल. मडक्यांची उतरंड पाहिलेल्या मुलास ही कल्पना सहज उमगते. फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका ह्यांनी १८८३ साली प्रसिद्ध केलेल्या कोड्यावर हा पाठ आधारलेला आहे.

साहित्य : पुठ्ठ्याच्या लहानमोठ्या चार चकत्या, चार पाट्या व जमिनीवर खडूने आखलेली तीन वर्तुळे.

नियम : पहिल्या वर्तुळातील उतरंड तिसऱ्यात न्यावयाची. एका वेळी एकच चकती उचलावी. मोठी चकती लहानीवर ठेवू नये.

मांडणी : चार मुलांना क्रमांक द्यावेत. सर्वांत मोठी चकती चौथ्याची, सर्वांत लहान पहिल्याची. काम मिळताच प्रत्येकाने ‘कोठून कोठे’ हे पाटीवर लिहावे. आपल्या चकतीवरील उतरंड उरलेल्या वर्तुळात नेण्यास खालच्या क्रमांकाच्या मुलास सांगावे व तो ‘झाले’ म्हणेपर्यंत थांबावे. मग आपली चकती हलवावी आणि ती उतरंड तिच्यावर आणण्यास त्याच मुलास पुन्हा सांगावे. शेवटी स्वतः ‘झाले’ म्हणून पाटी पुसावी. पहिल्याने मात्र कोणास न सांगता आपली चकती हलवावी व ‘झाले’ म्हणावे.

ह्या पहिल्या मुलाकडे वर्गाचे लक्ष वेधावे. त्यानेही काम पुढे ढकलले असते, तर सांगणे कधी संपलेच नसते व एकही चकती हलली नसती. काम शेवटी मिळालेला आधी मोकळा होतो, हेही दाखवावे. संगणकही अपुरी कामे अशीच एकावर एक रचून ध्यानात ठेवतो.

मूल अडखळले की चकती हलवून दाखविण्याचा मोह शिक्षकांनी आवरावा. त्याने चाली पाठ होतात, विचार मागे राहतो. ‘तुझे काम कोणते? बाकीचे कोणाचे?’ एवढेच विचारावे. मोठे गणित पाहून बिचकणाऱ्या मुलास चौथा क्रमांक द्यावा. पंधरा चालींपैकी त्याची एकच असते, हे त्यास स्वतःच कळेल.

कसोटी : तीन चकत्यांना ७ चाली लागतात; चारांना ७ + १ + ७ = १५. पाचांना किती? चकतीस हात न लावता जो १५ + १ + १५ = ३१ असे सांगेल, त्यास पाठ समजला.