वीजकंपनीचा समभाग आणि दोनशे दिवसांची सरासरी

पालघर जिल्ह्यातील माणसाच्या डोळ्यांसमोर वीज तयार होते. तारापूरच्या किनाऱ्यावर १९६९ मध्ये सुरू झालेले देशातील पहिले अणुवीज केंद्र आहे, उत्तरेला डहाणूच्या खाडीलगत प्रत्येकी २५० मेगावॉटच्या दोन संचांचे औष्णिक केंद्र आहे, आणि बोईसरच्या एमआयडीसीतील रसायन व पोलाद कारखाने आपला नफातोटा विजेच्या दरावर मांडतात. साहजिकच निवृत्तीच्या वेळी ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती आली, की ती वीजकंपनीच्या समभागात घालणे परिचयाचे आणि म्हणून सुरक्षित वाटते. मोबाइलवर फुकट दिसणाऱ्या आलेखातील दीर्घकालीन सरासरीची रेषा या वाटण्याला शास्त्राचा आधार मिळवून देते. परिचय आणि रेषा या दोन्हींचा काही उपयोग निश्चित आहे, परंतु समभागाचे संपूर्ण मूल्यमापन त्यांच्यावर सोपवले तर काय घडते, याची नोंद याच जिल्ह्यातील डहाणू केंद्राच्या मालकीच्या इतिहासात सापडते आणि ती गुंतवणूकदाराने काळजीपूर्वक वाचण्यासारखी आहे.

बाजारात ‘मूव्हिंग अ‍ॅव्हरेज’ म्हणून ओळखली जाणारी चल सरासरी काढण्याची रीत सोपी आहे: मागील २०० व्यवहार-दिवसांचे बंद भाव, म्हणजे त्या त्या दिवसाचे व्यवहार संपतानाचे भाव, एकत्र करून त्यांना २०० ने भागायचे, आणि दुसऱ्या दिवशी सर्वांत जुना भाव वगळून नवा भाव त्यात घ्यायचा. वर्षात साधारण अडीचशे दिवस बाजार चालत असल्याने ही सरासरी सुमारे दहा महिन्यांच्या भावांचे सार सांगते. भाव या रेषेच्या वर असेपर्यंत समभाग बाळगावा आणि तो रेषेखाली बंद झाला की विकावा, असा नियम त्यावरून प्रचलित झाला. अमेरिकेतील मेबेन फेबर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासामुळे दहा महिन्यांच्या सरासरीला मोठी प्रतिष्ठा मिळाली. परंतु त्यांनी ती तपासली होती ती निर्देशांकांवर आणि मालमत्तांच्या मोठ्या गटांवर, जेथे एखाद्या कंपनीची वाताहत इतरांच्या भरभराटीत मुरून जाते. एकट्या कंपनीच्या समभागाला तोच नियम लावताना हा फरक बहुधा सांगितला जात नाही.

वीजकंपन्यांच्या बाबतीत हा नियम अधिक विश्वासार्ह वाटण्यास एक विशेष कारण आहे. त्यांचा नफा बऱ्याच अंशी नियामक आयोग ठरवतो. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाकडे आहे. आयोग कंपनीचा इंधन, देखभाल, व्याज आणि घसारा यांवरील खर्च तपासतो, त्यातील योग्य तेवढा मान्य करतो आणि मान्य भागभांडवलावर ठरावीक दराने परतावा देतो. केंद्रीय आयोगाने २००९ पासून औष्णिक निर्मितीसाठी हा दर १५.५ टक्के धरला, म्हणजे मान्य भागभांडवलाच्या दर शंभर रुपयांमागे साडेपंधरा रुपये. धंदा इतका संथ असेल तर भावही संथ राहील आणि संथ भावाला लांब पल्ल्याची सरासरी चपखल बसेल, असा तर्क यातून निघतो. मात्र त्यातील दोष हा की आयोग परतावा देतो तो केंद्रात गुंतवलेल्या भांडवलावर, तर गुंतवणूकदार विकत घेतो ते केंद्र नव्हे, त्या केंद्राच्या मालक कंपनीतील वाटा.

डहाणूचे केंद्र उभारले ते बीएसईएसने, म्हणजे १९२९ पासून मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवणाऱ्या कंपनीने. डहाणू तालुका १९९१ मध्येच पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झालेला होता. चिकूच्या वाड्यांच्या शेजारी कोळसा जाळणाऱ्या या केंद्रावर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये स्थापन झालेल्या प्राधिकरणाची देखरेख राहिली आणि पुढे धुरातील गंधक-वायू काढून घेणारी यंत्रणा तेथे बसवावी लागली. २००२-०३ मध्ये कंपनी रिलायन्स समूहाकडे गेली, २००४ मध्ये तिचे नाव रिलायन्स एनर्जी झाले आणि २००८ मध्ये रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चर. २००७ च्या पूर्वार्धात पाचशे-सहाशेच्या घरात असलेला तिचा भाव जानेवारी २००८ मध्ये अडीच हजारांवर पोहोचला, आणि मार्च २०२० मध्ये तो दहा रुपयांच्या आसपास आला. तोपर्यंत, म्हणजे २०१८ मध्येच, मुंबईतील वीजव्यवसाय डहाणूच्या केंद्रासह अदानी ट्रान्समिशनने विकत घेतला होता. या सगळ्या काळात डहाणूच्या केंद्राची क्षमता ५०० मेगावॉटच राहिली आणि त्याची वीज आयोगाने ठरवलेल्या दरानेच विकली गेली. वर-खाली झाले ते मालक कंपनीचे इतर प्रकल्प, तिच्यावरील कर्ज आणि समूहाविषयीचा बाजाराचा विश्वास. खाडीपलीकडून चिमणी पाहणाऱ्याला यातले काहीही दिसणे शक्य नव्हते.

दोनशे दिवसांच्या रेषेने या पडझडीची सूचना दिली का, हा प्रश्न येथे न्याय्य आहे, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर असे की दिली, पण उशिरा. भाव काही महिन्यांत चौपट झाला असता सरासरीत पाचशे-सहाशेचे जुने दिवस मोठ्या संख्येने शिल्लक असतात आणि रेषा भावाच्या खूप खाली रेंगाळते; त्यामुळे भाव रेषेपर्यंत उतरतो तेव्हा शिखरापासूनचे मूल्य निम्म्याच्या आसपास घटलेले असते. ज्याने जुन्या काळी कमी भावात समभाग घेतले होते त्याचा तेवढ्यावरही निभाव लागला, परंतु तेजी पाहून जानेवारीत शिरलेल्याच्या हाती रेषेचा नियम पाळूनही निम्म्याच्या आसपासच रक्कम उरली. याच समूहाच्या रिलायन्स पॉवरच्या बाबतीत तर रेषाच अस्तित्वात नव्हती. जानेवारी २००८ मधील तिच्या प्रारंभिक विक्रीत समभागाचा भाव ४५० रुपये आणि किरकोळ गुंतवणूकदारांसाठी ४३० रुपये होता. ११ फेब्रुवारीला नोंदणी होताच पहिल्या दिवशी तो ३७२ रुपये ५० पैशांवर बंद झाला. दोनशे दिवसांचे भाव जमा होऊन पहिली सरासरी निघायला डिसेंबर उजाडावा लागला असता, आणि तोवर अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक कोसळून जगभरचे बाजार गडगडले होते. ज्या कंपनीची वीजकेंद्रे तेव्हा मुख्यतः कागदावर होती, तिच्या मूल्यमापनासाठी भावाच्या आलेखाखेरीज दुसरे काहीतरी तपासणे अपरिहार्य होते. अर्जांचा पाऊस मात्र विक्रीस काढलेल्या समभागांच्या सत्तर पटींहून अधिक पडला.

एनटीपीसी या सरकारी वीजनिर्मिती कंपनीचा अनुभव याच्या उलट बाजूचा आहे आणि शांत स्वभावाच्या गुंतवणूकदाराला तोच अधिक उपयोगी पडावा. २०१० ते २०२० या दहा वर्षांत या कंपनीच्या समूहाची स्थापित क्षमता सुमारे ३२ हजार मेगावॉटवरून ६२ हजारांवर गेली, तर भाव २०१९ चा बोनस हिशेबात घेऊनही निम्म्याच्या आसपास उतरला. मधली कित्येक वर्षे तो एका पट्ट्यात घुटमळत होता, आणि अशा भावाला रेषेचा नियम लावला की रेषेच्या वर खरेदी, रेषेखाली विक्री, पुन्हा वर खरेदी असा फेरा सुरू होतो. समजा सरासरी २०० रुपये आहे, भाव २०४ वर गेल्यावर समभाग घेतला आणि १९६ वर विकला, तर प्रत्येक फेऱ्यात आठ रुपये जातात, खरेदी आणि विक्री या दोन्हींवर ०.१ टक्का व्यवहार कर पडतो, आणि मधल्या काळात जाहीर झालेला लाभांश हुकण्याची शक्यता राहते. जो समभाग प्रामुख्याने लाभांशासाठी घ्यायचा, तो लाभांशाच्या तारखेला हातातच नसेल तर घेण्याचा हेतूच फसतो. त्यातही समभाग ज्या दिवसापासून लाभांशाच्या हक्काविना (एक्स-डिव्हिडंड) विकला जातो त्या दिवशी भाव तेवढ्या रकमेने उतरणे स्वाभाविक असते. साध्या आलेखात ही उतरण कमजोरीसारखी दिसते आणि केवळ तिच्यामुळे भाव रेषेखाली गेला तर विक्रीची खोटी सूचना मिळते.

सूचना वेळेवर मिळाली तरी तिच्यावर कृती करता येईलच असे नाही. जानेवारी २०२३ च्या अखेरीस हिंडेनबर्ग या अमेरिकी संस्थेचा अदानी समूहावर आरोप करणारा अहवाल आल्यावर अदानी ट्रान्समिशनचा, म्हणजे डहाणूच्या केंद्राची मालकी तेव्हा ज्या समूहाकडे होती त्यातील कंपनीचा, समभाग एकामागून एक दिवस लोअर सर्किटला अडकत गेला. लोअर सर्किट म्हणजे एका दिवसात भाव जास्तीत जास्त किती घसरू शकतो याची बाजाराने घातलेली मर्यादा. ती गाठली की विकणारे पुष्कळ आणि घेणारा जवळजवळ कोणी नाही अशी अवस्था होते. आलेखावर काढलेली विक्रीची किंमत अशा वेळी प्रत्यक्षात मिळत नाही.

म्हणून वीजकंपनीच्या समभागासाठी दोनशे दिवसांची सरासरी वापरायची झाल्यास ती लाभांश व बोनस यांसाठी समायोजित केलेल्या भावांवर काढावी आणि दररोज न पाहता आठवड्याच्या शेवटच्या बंद भावाशी ताडून पाहावी. भावाने रेषा ओलांडली की लगेच खरेदी-विक्री करण्याऐवजी व्यवसायात काय बदलले याचा शोध घ्यावा. सर्वच वीजकंपन्यांचे भाव एकदम रेषेखाली गेले असतील तर कारण बहुधा व्याजदरात असते, कारण ठरावीक परतावा देणारा समभाग कर्जरोख्यासारखा वागतो आणि रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये केली तशी ४ वरून ६.५ टक्क्यांपर्यंत दरवाढ झाली की त्याचे आकर्षण कमी होऊ शकते. एकच कंपनी घसरत असेल तर तिचा ताजा दरनिश्चिती आदेश उघडून मागितलेल्या खर्चापैकी किती मान्य झाला ते पाहावे, एकत्रित ताळेबंदात वीजेतर उद्योगांवरील कर्ज आणि वितरण कंपन्यांकडून येणे असलेली थकबाकी पाहावी, आणि प्रवर्तकांनी आपले किती समभाग सावकारांकडे तारण ठेवले आहेत, हे शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर दर तिमाहीला मिळणाऱ्या भागधारणेच्या तक्त्यात तपासावे. तारणाचा आकडा वाढत असेल तर भाव रेषेच्या कितीही वर असला तरी नवी खरेदी थांबवावी; आणि निवृत्तीच्या रकमेतून दरमहाचा घरखर्च चालणार असेल, तर कोणत्याही एका वीजकंपनीत त्या रकमेचा विसावा भागही जाऊ देऊ नये, मग त्या कंपनीचे केंद्र घराच्या गच्चीवरून रोज दिसत का असेना.